डॉक्टर कॅलिगरीचा शेवट : कौशल्य कीं कपट ?

गोष्ट सांगणारा आणि गोष्ट ऐकणारा यांच्यामध्यें एक अलिखित करार असतो. सांगणारानें वाटेल तितका वेळ घ्यावा, वाटेल तितकीं वळणें घ्यावीं, ऐकणारास रडवावें, भिववावें; परंतु शेवटीं "हें सारें खोटेंच होतें" असें म्हणून त्यास रिकाम्या हातानें उठवूं नये. आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकणाऱ्या नातवालादेखील हा करार ठाऊक असतो. राजपुत्रानें राक्षस मारिला आणि मग त्याला जाग आली, एवढें ऐकतांच तो "मग राक्षस नव्हताच का ?" असें विचारून रुसून बसतो. हा रुसवा पोरकट म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. मनोविकृतीच्या आधारावर रचलेले जे रहस्यपट अलीकडे वारंवार निघतात, ते पाहून बाहेर पडणाऱ्या मोठ्या माणसांच्या तोंडींही तोच प्रश्न असतो. एक म्हणतो, "काय शेवट साधला आहे !" आणि त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसलेला दुसरा म्हणतो, "दोन तास आम्हांस बनविलें !" एकाच शेवटाविषयीं इतकीं परस्परविरुद्ध मतें कां असावीं, आणि त्यांतील ग्राह्य कोणतें, याचा थोडा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यासाठीं चालू वर्षींचा एखादा चित्रपट न घेतां आम्ही या सर्वांचा मूळपुरुष घेतों. १९२० सालीं जर्मनींत निघालेला ‘डॉक्टर कॅलिगरीचें कॅबिनेट’ हा तो मूकपट होय. कॅबिनेट म्हणजे येथें जत्रेंतील खेळाचा तंबू. हा चित्रपट निवडण्यास दोन कारणें आहेत. पहिलें हें कीं, त्याच्या शेवटावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला असून त्या वादाचे कागद आज आपणांपुढें आहेत. दुसरें हें कीं, एवढ्या जुन्या चित्रपटाचें रहस्य फोडल्याचा दोष आम्हांवर फारसा येणार नाहीं. तरीही ज्या वाचकांस तो आधीं स्वतः पाहावा असें वाटत असेल, त्यांनीं अंक येथेंच मिटवावा. चित्रपट सुमारें सव्वा तासाचा आहे आणि आतां तो घरबसल्या पाहावयास मिळतो. पाहून झाल्यावर पुढील मजकूर वाचावा.

कथा आणि तिची चौकट

बर्लिन शहरांतील मार्मोरहाउस नांवाच्या चित्रपटगृहांत २६ फेब्रुवारी १९२० रोजीं हा मूकपट प्रथम दाखविण्यांत आला. दिग्दर्शक रॉबर्ट वीने, लेखक कार्ल मायर व हान्स यानोवित्स, निर्माते एरिख पोमर. पहिलें महायुद्ध हरून जर्मनीला अवघें सव्वा वर्ष झालें होतें. चित्रपटांतील गांव खरें नाहीं आणि खरें दिसावें असा प्रयत्नही नाहीं. घरें तिरपीं, खिडक्या वेड्यावांकड्या, धुराडीं कललेलीं. इतकेंच नव्हे तर ऊन आणि सावल्यादेखील पडद्यांवर रंगानें काढलेल्या आहेत. हेर्मान वार्म, वाल्टर राइमान व वाल्टर ऱ्योरिग या तिघां चित्रकारांची ती करामत. आपल्याकडील संबंध सांगावयाचा तर, १९३३ सालीं ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठीं व्ही. शांताराम जर्मनींत गेले होते. ते परतल्यावर पुण्याच्या प्रभात कंपनींत १९३४ सालीं निघालेल्या ‘अमृतमंथन’ मधील प्रकाशाच्या व काळोखाच्या मांडणींत अभ्यासकांस याच जर्मन पंथाची छाया दिसते.

आतां कथा. एका बागेंत दोन पुरुष बांकावर बसले आहेत. त्यांपैकीं वयस्क गृहस्थ दुसऱ्यास सांगतो कीं, आपल्याभोंवतीं सर्वत्र पिशाच्चें आहेत आणि त्यांनींच मला घरादारापासून, बायकोमुलांपासून दूर हांकून लाविलें आहे. तेवढ्यांत पांढऱ्या वस्त्रांतील एक तरुणी झोपेंत चालल्यासारखी समोरून निघून जाते. बसलेला तरुण फ्रान्सिस म्हणतो, ही माझी वाग्दत्त वधू. आम्हां दोघांवर जें ओढवलें तें तुमच्या हकीकतीहूनही विलक्षण आहे. आणि तो सांगूं लागतो.

होल्स्टनवाल नांवाच्या गांवीं जत्रा भरली. तेथें डॉक्टर कॅलिगरी नांवाचा एक म्हातारा खेळ मांडण्याची परवानगी मागावयास कचेरींत गेला. कारकुनानें त्यास उद्धटपणें ताटकळत ठेविलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो कारकून भोंसकलेला सांपडला. कॅलिगरीच्या तंबूंत एका उभ्या पेटींत चेझारे नांवाचा तरुण आहे. तो तेवीस वर्षें झोपलेला असून मालकाच्या आज्ञेनें जागा होतो आणि भविष्य सांगतो. फ्रान्सिसचा जिवलग मित्र अ‍ॅलन थट्टेनें विचारतो, "मी किती दिवस जगेन ?" उत्तर मिळतें, पहांटेपर्यंत. आणि पहांटे अ‍ॅलनचा खून होतो. पुढें चेझारे फ्रान्सिसच्या वाग्दत्त वधूच्या, जेनच्या, शयनगृहांत सुरा घेऊन शिरतो. परंतु तिला मारण्यास त्याचा हात उठत नाहीं. तो तिला उचलून छपरांवरून पळतो, लोक पाठलाग करतात, तो तिला टाकून देतो आणि स्वतः कोसळून मरतो. इकडे पेटी उघडून पाहतात तों तींत बाहुला ! कॅलिगरी पळून एका वेड्यांच्या इस्पितळांत शिरतो. फ्रान्सिस मागोमाग जाऊन चौकशी करतो, तेव्हां त्यास दिसतें कीं, त्या इस्पितळाचा प्रमुख डॉक्टर हाच तो कॅलिगरी. रात्रीं प्रमुख झोपला असतां फ्रान्सिस आणि तेथील इतर डॉक्टर त्याची खोली धुंडाळतात. अठराव्या शतकांत कॅलिगरी नांवाचा एक मांत्रिक एका झोपलेल्या माणसाकडून खून करवीत गांवोगांव हिंडत असे, अशी हकीकत असलेलें पुस्तक तेथें सांपडतें. आणि आपणच कॅलिगरी व्हावें या वेडानें प्रमुखाला कसें ग्रासलें तें त्याच्या रोजनिशींत निघतें. चेझारेचें प्रेत पुढें आणतांच प्रमुख पिसाळतो, त्याला बांधून कोठडींत घालतात. दुष्टाचें निर्दालन झालें.

येथें चित्रपट संपला असता तर वाद झाला नसता. परंतु आपण पुन्हां त्या बागेंत येतों. फ्रान्सिस आणि तो वयस्क गृहस्थ उठून आंत जातात, आणि आंत म्हणजे त्याच वेड्यांच्या इस्पितळाच्या चौकांत ! तेथें चेझारे जिवंत आहे, हातांत फुलें घेऊन शांतपणें उभा आहे. जेन स्वतःला राणी समजते. प्रमुख डॉक्टर पायऱ्या उतरून येतो, तेव्हां फ्रान्सिस "हाच कॅलिगरी !" असें ओरडत त्याच्या अंगावर धांवतो. शेवटीं ज्या कोठडींत प्रमुखाला बांधलेलें आपण पाहिलें, त्याच कोठडींत आतां फ्रान्सिस बांधला जातो. प्रमुख म्हणतो कीं, हा मला तो मांत्रिक कॅलिगरी समजतो. आतां त्याचा रोग मला कळला, आणि त्याला बरें करण्याचा मार्गही कळला. त्याच्या चेहऱ्यावर चित्र मिटत जातें.

एका दिवाणखान्यांतील चार मतें

गेल्या चातुर्मासांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं आठ मंडळींनीं मिळून हा चित्रपट पाहिला. संपल्यावर जें संभाषण झालें त्यांतील चार मतें आम्हीं त्याच रात्रीं टिपून ठेविलीं.

पहिलें मत एका वृद्ध वकीलसाहेबांचें. ते म्हणाले, "साक्षीदार थोडाफार खोटा बोलला तरी कोर्ट त्याची सारी जबानी टाकून देत नाहीं, धान्यांतून खडे निवडावे तसें निवडतें. पण येथें साक्षीदारच भ्रमिष्ट निघाला. मग खटला कशाचा ? एक तास जी सुनावणी चालली ती व्यर्थ." दुसरें मत स्नेह्यांच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या नातवाचें. त्याला शेवट पंधरा मिनिटांतच उमगला होता. "असे डझनभर चित्रपट मीं पाहिले आहेत. बागेंत बसून कोणी गोष्ट सांगूं लागला कीं समजावें, हा वेडा असणार." तिसरें मत घरच्या सूनबाईंचें. त्या स्वतः मनोरुग्णांच्या उपचाराचें काम करतात. शेवट त्यांना अशक्य वाटला नाहीं, उलट फारच शक्य वाटला, आणि म्हणूनच वाईट वाटलें. त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतो, आतां मला रोग कळला. पण रुग्णाशीं तो एक वाक्य तरी बोलला का ?"

चौथें मत आमच्या स्नेह्यांच्या थोरल्या काकूंचें. त्या सबंध वेळ जपमाळ हातांत घेऊन बसल्या होत्या आणि त्या पाहत आहेत कीं नाहीं अशी आम्हांस शंका होती. त्या म्हणाल्या, "तो मुलगा वेडा असेल नसेल, मला ठाऊक नाहीं. पण त्या डॉक्टरच्या तोंडाकडे पाहून मी माझें पोर त्याच्या हवालीं करणार नाहीं."

वकीलसाहेबांस शेवट फसवा वाटला, नातवास शिळा, सूनबाईंस खरा व म्हणून दुःखद, आणि काकूंच्या मतें तो शेवट मुळीं झालेलाच नाहीं ! युरोप-अमेरिकेंत शंभर वर्षें जी चर्चा झाली ती पाहतां या चार मतांच्या बाहेर फारसें कांहीं राहत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

परदेशांतील वाद

चित्रपट निघाला त्याच वर्षीं बर्लिनमधील हर्बर्ट इहरिंग या नामांकित समीक्षकानें आक्षेप घेतला होता. नव्या चित्रकलेचीं तीं वांकडीं घरें व तिरप्या रेषा चित्रपटांत आल्या खऱ्या, पण कशासाठीं ? तर वेड्याला जग कसें दिसतें हें दाखविण्यासाठीं ! म्हणजे नवी कला ही शहाण्यांची दृष्टि नव्हे, वेड्यांची होय, असेंच जणुं कबूल केलें, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. हा आक्षेप सूक्ष्म आहे. शेवटानें गोष्टींतील माणसांनाच नव्हे, तर चित्रपटाच्या शैलीलाही वेड्याच्या खात्यावर टाकलें.

१९२१ च्या एप्रिल महिन्यांत हा चित्रपट न्यू यॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरांत लागला. तेथील चालकांस हा शेवट प्रेक्षकांस पचेल असा भरंवसा वाटला नसावा. त्यांनीं चित्रपटाच्या आधीं व नंतर रंगभूमीवर खरे नट उभे करून एक प्रवेश जोडला. शेवटच्या प्रवेशांत असें सांगण्यांत येई कीं, फ्रान्सिस पुढें पूर्ण बरा झाला आणि सुखानें नांदूं लागला. शेवटाला आणखी एक शेवट जोडण्याचा हा प्रकार ऐकून हंसूं येतें खरें. परंतु त्यांतून एक गोष्ट दिसते. नायक वेडा ठरल्यावर प्रेक्षक त्याला तेथेंच सोडून घरीं जाण्यास तयार नसतो. ज्याच्या डोळ्यांनीं आपण तासभर पाहिलें, त्याचें पुढें काय झालें ही विवंचना त्यास लागते.

सर्वांत जोराचा हल्ला १९४७ सालीं आला. हिटलरच्या राजवटींत जर्मनी सोडून परागंदा झालेले झीगफ्रीड क्राकाउअर यांनीं अमेरिकेंत ‘कॅलिगरी ते हिटलर’ या नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : मायर व यानोवित्स यांच्या मूळ कथेंत कॅलिगरी हा सत्तेचा पुतळा आहे. तो सामान्य माणसाला झोपेंत ठेवून त्याच्याकडून खून करवितो; युद्धांत सरकारांनीं जें केलें तेंच हें. त्याचें सोंग उघडकीस येणें हा कथेचा प्राण. परंतु चौकट घातल्यामुळें सगळें उलटें झालें. सत्ताधीश दयाळू वैद्य ठरला आणि त्याच्यावर आरोप करणारा वेडा ठरला. बंडखोर कथा आज्ञाधारक झाली. या मतामागें यानोवित्स यांनीं लिहून ठेवलेल्या आठवणींचा आधार होता. लेखकांचा पूर्वेतिहासही या मतास पोषक होता. यानोवित्स युद्धांत सैन्याधिकारी होते आणि युद्धाचे शत्रु होऊन परतले. मायर यांस सैनिकी सेवेच्या संबंधांत मनोवैद्यांच्या तपासण्यांस वारंवार तोंड द्यावें लागलें होतें, असें क्राकाउअर सांगतात. आपण शहाणे कीं वेडे, याचा निकाल दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून असणें म्हणजे काय, हें ज्यानें भोगिलें त्याच्या लेखणींतून ही कथा उतरली होती.

पुढें नटांच्या आयुष्यांतही असाच विपर्यास दिसतो. चेझारेचें काम करणारे कोनराड फाइट यांनीं १९३३ सालीं जर्मनी सोडली आणि हिटलरच्या विरुद्ध उभे राहिले. कॅलिगरीचें काम करणारे वेर्नर क्राउस मागें राहिले आणि १९४० सालीं निघालेल्या ज्यूद्वेषी ‘ज्यूड झ्यूस’ या चित्रपटांत त्यांनीं भूमिका केल्या. अशा योगायोगांनीं क्राकाउअर यांचें मत लोकांच्या मनांत अधिकच ठसलें.

परंतु वाद येथें संपत नाहीं. क्राउस यांच्या जवळ मूळ पटकथेची एक प्रत होती. १९५९ सालीं ते वारले. त्यानंतर ती प्रत बर्लिनच्या चित्रपट-संग्रहालयाकडे आली आणि १९९५ सालीं छापून प्रसिद्ध झाली. तींत पाहतां मूळ कथेलाही आरंभीं एक चौकट असल्याचें निघालें ! फ्रान्सिस व जेन यांचें लग्न झालेलें आहे, घरीं पाहुणे जमले आहेत, आणि फ्रान्सिस अनेक वर्षांपूर्वींची हकीकत सांगावयास बसतो, असा तो आरंभ आहे. म्हणजे चौकट मुळांत नव्हतीच, हें म्हणणें टिकलें नाहीं. तथापि त्या चौकटींतील फ्रान्सिस शहाणा, सुखी आणि संसारी आहे. त्यास वेड्यांच्या इस्पितळांत बसविणारी चौकट मागाहून आली, एवढें खरेंच राहिलें. क्राकाउअर यांचा निवाडा पुराव्यानें अर्धा ढिला झाला, अर्धा उभा आहे.

आपल्या शास्त्राची कसोटी

आतां आपल्या नाट्यशास्त्राच्या दृष्टीनें या शेवटाकडे पाहूं. नाटकाचे पांच संधि सांगितले आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. निर्वहण म्हणजे शेवट. आणि त्या ठिकाणीं अद्भुत रस असावा, असें भरतमुनींचें सांगणें आहे. म्हणजे शेवटीं प्रेक्षकास विस्मय वाटावा ही इच्छा पाश्चात्त्य रहस्यपटांनीं नव्यानें शोधून काढलेली नाहीं. मात्र त्याच शास्त्राची दुसरी अट आहे ती अशी कीं, मुखसंधींत जें बीज पेरलें तेंच निर्वहणांत फळास यावें. बीजावांचून आलेला विस्मय हा गारुड्याच्या पोतडींतून निघालेल्या सापासारखा. क्षणभर दचकवितो, मग कंटाळवाणा होतो.

उत्तररामचरिताचें उदाहरण घ्यावें. रामायणांत सीता भूमींत जाते, हें ठाऊक असलेल्या प्रेक्षकांपुढें भवभूतीनें सातव्या अंकांत राम आणि सीता यांचें मीलन घडविलें. शेवट बदलला; पण त्यामुळें आधींचे सहा अंक खोटे झाले नाहींत. रामाचा शोक खराच होता, सीतेचा त्याग खराच होता. बदललें तें फळ. कॅलिगरीच्या चित्रपटांत याहून निराळें घडतें. तेथें फळ बदलत नाहीं, साक्षीदार बदलतो. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर, जें आपण प्रत्यक्ष म्हणून धरून चाललों तें शब्दप्रमाण होतें, आणि तो शब्द आप्ताचा नव्हता. पडद्यावर खून दिसला, म्हणून खून झाला असें आपण मानिलें; वस्तुतः आपणांस दिसली ती एका माणसानें सांगितलेली हकीकत. नाटककारास हें करणें कठीण, कारण रंगभूमीवरील मनुष्य आपल्यासमोर देहानें उभा असतो. चित्रपटास हें फार सोपें आहे, कारण चित्रपट ऐकीव गोष्टही पाहिल्यासारखी दाखवितो. या प्रकारच्या शेवटांनीं प्रेक्षकांस जो राग येतो, त्याचें मूळ येथें आहे. गोष्ट वांकडी निघाली याचें दुःख माणसाला फारसें होत नाहीं; स्वतःच्या डोळ्यांवर ठेविलेला विश्वास खोटा ठरला, हें त्यास सहन होत नाहीं.

अशा कलाटणीच्या शेवटांना एक दुसराही धोका असतो. आल्फ्रेड हिचकॉक यांनीं १९६० सालीं ‘सायको’ काढला तेव्हां, चित्रपट सुरू झाल्यावर कोणासही आंत सोडूं नये असा नियम केला होता, आणि शेवट कोणास सांगूं नका अशी प्रेक्षकांस विनंतीही केली होती. परंतु हेच हिचकॉक एरवीं असें मानीत कीं, टेबलाखालीं बाँब आहे हें प्रेक्षकांस आधीं सांगून ठेवावें. म्हणजे क्षणभराच्या धक्क्याऐवजीं दीर्घ उत्कंठा मिळते. कालिदासानें नेमकें हेंच केलें. दुर्वासाचा शाप आपण ऐकतों, सख्या ऐकतात, शकुंतला मात्र ऐकत नाहीं. आणि म्हणून पांचव्या अंकांत तिचा एकेक शब्द आपलें काळीज चिरीत जातो. शाकुंतल शंभर वेळां पाहिलें तरी शिळें होत नाहीं; केवळ धक्क्यावर उभा असलेला चित्रपट दुसऱ्यांदां पाहवत नाहीं. तेव्हां आमची कसोटी अशी कीं, कलाटणीच्या शेवटाची किंमत दुसऱ्या वेळीं पाहतांना ठरवावी.

दुसऱ्यांदां पाहतांना

या कसोटीस डॉक्टर कॅलिगरी उतरतो काय ? आम्हीं तो दुसऱ्यांदां पाहिला तेव्हां पहिल्याच वाक्यानें थबकलों. "आपल्याभोंवतीं सर्वत्र पिशाच्चें आहेत," असें म्हणणारा तो वयस्क गृहस्थ ! पहिल्या वेळीं वाटतें, भुताखेतांच्या गोष्टीचा हा मंगलाचरणासारखा आरंभ आहे. दुसऱ्या वेळीं कळतें कीं, घरादारापासून तुटलेला हा एक रुग्ण दुसऱ्या रुग्णाशेजारीं बसून आपलें दुःख सांगत आहे. जेनचें तें झोपेंत असल्यासारखें चालणेंही निराळें दिसूं लागतें. बीज मुखसंधींत होतें; आपल्या डोळ्यांसमोर पेरलें गेलें. महाविद्यालयीन नातवास तें ओळखतां आलें, कारण शंभर वर्षें त्याच बीजाचीं पिकें निघत आलीं आहेत. पहिलें पीक काढणाराचा त्यांत दोष नाहीं.

परंतु दुसऱ्यांदां पाहतांना आणखी एक गोष्ट लक्षांत आली, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. तिरपीं घरें, वांकड्या भिंती हा जर फ्रान्सिसच्या भ्रमाचा परिणाम असेल, तर त्याची गोष्ट संपल्यावर जग सरळ झालें पाहिजे. तें होत नाहीं. इस्पितळाचा चौक गोष्टींत जसा होता तसाच शेवटींही आहे. जमिनीवरील त्याच किरणांसारख्या रेषा, त्याच विचित्र कमानी. कोठडीही तीच, तितकीच वांकडी. वेड्याची हकीकत संपली, परंतु वेडें जग संपलें नाहीं. बांधलेलें नेपथ्य पुन्हां वापरून काटकसर केली असेल, किंवा करणारांनीं बुद्धिपुरस्सर तसें ठेविलें असेल. कारण कांहींही असो, पाहणाराच्या मनांत जो संशय उभा राहतो तो चित्रांतच आहे, मागाहून चिकटविलेला नाहीं. प्रमुखाचा चेहरा शेवटीं ज्या रीतीनें पडद्यावर रेंगाळतो, त्यानें तो संशय अधिकच दाट होतो. काकूंनीं कोणताही ग्रंथ न वाचतां नेमकें तेंच बोट ठेविलें होतें.

म्हणून वकीलसाहेबांचा आक्षेप आम्हांस पुरा मान्य नाहीं. "स्वप्न होतें" असें म्हणून हा चित्रपट हात झटकून मोकळा होत नाहीं. तो प्रेक्षकास न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवितो, आणि ज्या पुराव्यावर निकाल द्यावयाचा तो अपुरा ठेवितो. कपट म्हणावें तर त्यानें आपलीं चिन्हें लपविलीं नाहींत. कौशल्य म्हणावें तर त्यानें आपणांस समाधान दिलें नाहीं. आमच्या मतें तें कौशल्यच आहे, परंतु कटु कौशल्य आहे.

खोट्या ठरलेल्याचें खरें

आतां क्राकाउअर यांच्या आक्षेपाचा जो अर्धा भाग उभा राहिला, त्याविषयीं दोन शब्द. ज्यानें सत्तेवर आरोप केला तोच वेडा, असें दाखविणें योग्य आहे काय ? कथा म्हणून हें चालेल. व्यवहारांत मात्र हीच कलाटणी रोज घडते आणि तिचा निकाल आपण फार लवकर देतों. एकदां घरांत, कचेरींत किंवा गांवांत एखाद्यास "त्याचें डोकें फिरलें आहे" असें नांव पडलें कीं, त्याच्या तोंडची खरी तक्रारही भ्रमाच्या खात्यांत जमा होते. औषधानें मला चक्कर येते, असें तो म्हणाला तरी तें वेडच. जमिनीच्या कागदावर माझी सही घेतली, असें ती म्हणाली तरी तें वेडच. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांस खोटें बोलूं नये म्हणून सांगतों. तींत शेवटीं लांडगा खरोखर आला होता आणि मेंढ्या खरोखर मेल्या, हें मात्र आपण विसरतों. वर्गावर उभें राहून जीं वर्षें काढलीं, त्यांत आम्हीं एक गोष्ट पाहिली कीं, ज्या मुलाचें खोटारडा म्हणून नांव झालें, त्याच्याच दप्तरांतून वस्तु अधिक चोरीस जातात. कारण त्याची तक्रार कोणी ऐकणार नाहीं, हें चोरणारास ठाऊक असतें.

आपल्या देशांत २०१७ सालीं मानसिक आरोग्यसेवेचा जो नवा कायदा झाला, त्यानें या बाबतींत मोठें पाऊल टाकिलें आहे. मानसिक आजार आहे एवढ्यावरून मनुष्याची निर्णय घेण्याची शक्ति नष्ट झाली असें आतां गृहीत धरतां येत नाहीं. आजार बळावल्यास आपणांवर कोणते उपचार व्हावे व कोणते होऊं नयेत, हें प्रौढ मनुष्यास आधींच लिहून ठेवण्याचा अधिकार त्या कायद्यानें मिळाला; आपल्या वतीनें बोलणारा माणूसही त्यास नेमून ठेवतां येतो. सूनबाईंनीं हें आम्हांस समजावून सांगितलें, तेव्हां त्यांच्या त्या एका प्रश्नाचें वजन आमच्या ध्यानांत आलें. फ्रान्सिस भ्रमिष्ट आहे, असें क्षणभर मानूं. तरी आपला मित्र मेला ही त्याची समजूत कोठून आली, प्रमुखाचें त्याला एवढें भय कां, आणि जेनवर त्याचा जीव कां जडला, हें कोणीं विचारलें काय ? भ्रमालाही मूळ असतें. आणि तें मूळ ऐकून घेतल्यावांचून बरें करण्याचा मार्ग मला कळला, असें म्हणणारा वैद्य काकूंस भयंकर वाटला, तर त्यांत नवल नाहीं.

आमच्या वाचक-भगिनींस व बंधूंस आमची एक सूचना आहे. असला रहस्यपट घरच्या मंडळींबरोबर पाहण्याचा योग आला, तर शेवट आवडला कीं नाहीं एवढ्यावर चर्चा संपवूं नये. कलाटणीचें बीज आरंभीं पेरलेलें होतें काय, हें पाहावें. शेवट कळल्यावर मागील प्रसंग पोकळ झाले कीं अधिक भरीव झाले, हें पाहावें. आणि ज्यास शेवटीं वेडा, खोटा किंवा गुन्हेगार ठरविलें, त्याचें म्हणणें कोणीं पुरतें ऐकलें होतें काय, हेंही पाहावें. पहिले दोन प्रश्न चित्रपटाची परीक्षा करतात. तिसरा प्रश्न मुलांनीं विचारला, तर वडील मंडळींनीं त्याला उडवाउडवीचें उत्तर देऊं नये. आणि घरांतील जुन्या माणसांस काय वाटलें, हें अगदीं शेवटीं न विचारतां आधीं विचारावें.